उमेदवारीचा करार

उन्हाळ्याच्या अखेरीस दहावीचा निकाल लागतो आणि शाळा पुन्हां उघडली कीं आमच्या व्हरांड्यांत दरसाल एकच दृश्य दिसूं लागतें. ज्यांच्या मुलांस उत्तम गुण मिळाले आहेत ते पालक पेढे घेऊन येतात आणि लवकर निघून जातात. त्यांस आमच्या सल्ल्याची गरज नसते. ज्यांच्या मुलांचे गुण शेंकडा ४५ किंवा ५० वर थांबले आहेत ते मात्र रिकाम्या हातीं येतात, भिंतीच्या कडेस उभे राहतात, आणि गर्दी ओसरली म्हणजे पुढें होऊन विचारतात, "सर, ह्याला आता कुठं घालायचा?"

गेलीं वीस वर्षें आम्ही ह्या प्रश्नास उत्तर देत आलों आहों, आणि त्यांतील निदान पंधरा वर्षें आमचें उत्तर अज्ञानाचें होतें, हें कबूल केल्यावांचून पुढें लिहिणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आम्ही सांगत असूं, कॉलेजांत घाला; तें झेंपत नसेल तर आय. टी. आय. चा अर्ज भरा. आणि तेंही हुकलें तर शिरोलीस नाहीं तर गोकुळ शिरगांवास कोणाच्या तरी कारखान्यांत चिकटवून द्या, शिकेल हळूहळू. हे 'शिकेल हळूहळू' शब्द आम्हीं किती सहज उच्चारले! कोण शिकवील, काय शिकवील, किती दिवसांत शिकवील, आणि शिकल्याचा दाखला कोण देईल, ह्यांतील एकही प्रश्न आमच्या मनांत आला नाहीं. प्रस्तुत लेख त्या प्रश्नांविषयीं आहे.

धंदा शिकण्यासाठीं कारखान्यांत राहिलेल्या मुलास आपण उमेदवार म्हणतों. उमेद म्हणजे आशा. जुन्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षें बिनपगारी नकला करीत बसणाऱ्या तरुणास हें नांव होतें. कोणी कारकून मरेल किंवा निवृत्त होईल आणि त्याची जागा आपणांस मिळेल ह्या आशेवर तो बसे. इंग्रजी भाषेंत ह्याच अर्थाचा जो शब्द आहे त्याच्या मुळाशीं 'शिकणें' हा धातु आहे. आमच्या शब्दाच्या मुळाशीं आशा आहे. शब्दावर फार भार देऊं नये हें आम्ही जाणतों, तथापि येथें तो आमची एक खोड बरोबर पकडतो. मुलगा कारखान्यांत जाऊन काय शिकत आहे हें आपण विचारीत नाहीं. पुढें त्याला कायम करतील का, एवढेंच विचारतों.

हातानें शिकण्याची परंपरा कोल्हापुरास नवी नाहीं. गांवगाड्यांत सुताराचा मुलगा बापाच्या वांकसापाशीं बसून शिकला आणि लोहाराचा मुलगा भाता ओढतां ओढतां शिकला. त्या पद्धतीचा गुण असा कीं शिकविणारा बापच असल्यामुळें त्यास कांहीं लपवून ठेवण्याचें कारण नव्हतें. दोष असा कीं दुसऱ्या कोणाच्या मुलास त्या भात्यापाशीं जागा नव्हती. श्रीशाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांत बलुतेपद्धति मोडून वाटेल त्यास वाटेल तो धंदा करण्यास मोकळीक दिली, तेव्हां हें कुंपण कायद्यानें पडलें. परंतु कुंपण पडलें म्हणून परक्याच्या मुलास शिकविणारा गुरु आपोआप उत्पन्न होत नाहीं. तो कसा असतो ह्याचें एक उदाहरण ह्याच शहरांत, आणि त्याच सुमारास, घडलें.

बाबूराव मेस्त्री, ज्यांस सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, हे कोणत्याही कलाशाळेंत गेले नाहींत. त्यांची विद्या घरची आणि स्वकष्टाची. चुलतबंधु आनंदराव ह्यांजबरोबर त्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. आनंदराव १९१६ त वारले. त्यानंतर बाबूरावांनीं चित्रपट घेण्याचा कॅमेरा येथेंच स्वतः जुळवून तयार केला, आणि त्या कामीं त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले त्यांच्या हाताखालीं होते. त्यांनीं काढलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० सालीं लोकांपुढें आला. त्याच वेळीं शांताराम वणकुद्रे नांवाचा एक तरुण ह्या कंपनींत दाखल झाला व पडेल तें काम करूं लागला. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हीं सारीं माणसें त्या एका कारखान्यांत तयार झालीं. तेथें वर्ग नव्हता, फळा नव्हता, परीक्षा नव्हती. रंग कालविण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सर्व कामें एका छपराखालीं चालत आणि डोळे उघडे ठेवणाऱ्यास तीं सर्व दिसत. १९२९ सालीं ह्या चौघांनीं सीताराम कुळकर्णी ह्यांच्या साह्यानें येथेंच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूची कंपनी त्यानंतर फार दिवस टिकली नाहीं.

ही गोष्ट आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां मुलें 'प्रभात'च्या तुतारीपाशीं रमतात. आमचें मन मात्र त्या ओस पडलेल्या पहिल्या कारखान्यापाशीं घोटाळतें. बाबूरावांचें नुकसान झालें कीं नाहीं? झालेंच. शिकविलेलीं माणसें निघून गेलीं आणि शेजारींच दुकान थाटून बसलीं. पण जर बाबूरावांनीं तालमींतल्या म्हणीप्रमाणें एक डाव राखून ठेवला असता, तर मराठी चित्रपटास तो काळ लाभला असता काय? ह्या प्रश्नाकडे आम्हांस पुढें पुन्हां यावयाचें आहे.

उद्यमनगरची कथा ह्याहून साधी. उसाच्या पाण्यासाठीं आणि गुऱ्हाळासाठीं आलेलीं तेलाचीं इंजिनें बिघडूं लागलीं. तीं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनीं मोडलेला भाग पाहून नवा ओतला, एक-एक भाग ओततां ओततां अखेर सबंध इंजिन उभें केलें. त्यांच्या हाताखालचीं पोरें पुढें स्वतः मिस्त्री झालीं. आज शिरोली, गोकुळ शिरगांव आणि कागल-हातकणंगले ह्या वसाहतींत मोटारींच्या भागांचें जें ओतकाम चालतें त्याचें मूळ त्या दुरुस्तीच्या दुकानांत आहे. मात्र त्या पोरांपैकीं किती शिकलीं आणि किती जन्मभर नुसते पान्हे देत राहिलीं, ह्याची नोंद कोणीं ठेविली नाहीं. सर्व कांहीं मिस्त्रीच्या मर्जीवर होतें. मर्जी असेल तर तो सांच्यांतली वाळू मुठींत दाबून तिचा ओलावा कसा ओळखावा हें दाखवी. नसेल तर पोराला चहा आणावयास पाठवी.

मर्जीच्या ठिकाणीं करार आणावा हा विचार आपल्या देशांत १८५० सालींच कायद्यांत उतरला होता. त्या कायद्याचा रोंख मुख्यतः अनाथ व दरिद्री मुलांवर होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलास सात वर्षेंपर्यंत धन्याकडे बांधून देतां येई. धर्मादायांत वाढलेल्या अनाथास त्या संस्थेचे चालक बांधून देत, आणि ज्यास कोणीच नाहीं किंवा जो किरकोळ गुन्ह्यांत सांपडला आहे त्याचा पालक म्हणून मॅजिस्ट्रेट सही करूं शके. आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंत वाढलेल्यांस हें वाचतांना जरा थबकल्यासारखें होतें. बोर्डिंगांत पोरक्या मुलांस सुतारकाम, शिवणकाम शिकवीत तें ह्याच विचारानें: ह्यांना कोणी नाहीं, तेव्हां ह्यांच्या हातास काम द्यावें. विचार दयेचा होता, परंतु त्याचा एक कायमचा डाग राहिला. हातकाम हें ज्यास दुसरें कांहीं उरलें नाहीं त्याचें, ही समजूत दृढ झाली. व्हरांड्यांत भिंतीच्या कडेस उभा राहणारा पालक अजून त्याच समजुतीच्या सांवलींत उभा असतो.

(आम्ही स्वतः त्या सुतारवर्गांत दोन वर्षें होतों. आमच्या फळीवर गुण्या ठेवून आमचे सुतारमास्तर रोज म्हणत, "उजेड दिसतोय." आम्ही पदवीधर झालों, परंतु त्या फळीखालचा उजेड शेवटपर्यंत बुजला नाहीं.)

स्वातंत्र्यानंतर १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा झाला व १८५० चा रद्द झाला. १९७३ त पदवीधर व पदविकाधारक त्यांत आले. २०१४ त मोठी दुरुस्ती झाली व मालकास तुरुंगांत पाठविण्याची तरतूद जाऊन दंड राहिला. त्याचा सांगाडा थोडक्यांत असा. ज्या कारखान्यांत वा कचेरींत कंत्राटी माणसें धरून ३० किंवा अधिक माणसें आहेत, त्यानें शेंकडा अडीच ते पंधरा इतके उमेदवार घेतले पाहिजेत, असें २०१९ च्या नियमांनीं ठरविलें; म्हणजे २०० माणसांच्या कारखान्यास कमींत कमी ५ आणि फार तर ३०. चारपासून एकोणतीस माणसांच्या दुकानास सक्ती नाहीं, मुभा आहे. उमेदवाराचें वय निदान १४, धोक्याच्या उद्योगांत १८. त्याच नियमांनीं दरमहाचें किमान विद्यावेतन पांचवी ते नववी शिकलेल्यास ५००० रुपये, दहावी उत्तीर्णास ६०००, बारावी किंवा आय. टी. आय. झालेल्यास ७०००, पदविकाधारकास ८००० व पदवीधरास ९००० असें बांधून दिलें. २०२५ च्या मे महिन्यांत केंद्रीय परिषदेनें त्यांत शेंकडा ३६ वाढ करण्याची शिफारस केली. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रोत्साहन योजनेनें ह्या वेतनाचा चौथा हिस्सा, मात्र १५०० रुपयांपर्यंतच, सरकारनें उचलला. २०२३ पासून तो वांटा मुलाच्या बँकेंतील खात्यांत परभारें जमा होऊं लागला. हिशेब करून पाहिल्यास दहावी उत्तीर्ण मुलाच्या ६००० पैकीं ४५०० मालकाचे व १५०० सरकारचे.

हे आंकडे पालकांस सांगितले कीं ते पैशापाशींच थांबतात. आमच्या मतें कायद्याचा प्राण ह्या आंकड्यांत नाहीं. तो चार-पांच कलमांत आहे, आणि तीं क्वचितच कोणी वाचतो. अकरावें कलम म्हणतें कीं मालकानें कायद्याप्रमाणें शिक्षण द्यावें आणि त्या शिक्षणावर ठरलेल्या पात्रतेचा मनुष्य नेमावा. तेरावें म्हणतें कीं उमेदवारास नगावर मजुरी देऊं नये आणि अधिक उत्पादनाच्या बोनसांत ओढूं नये. चौदावें व सोळावें त्याच्या प्रकृतीची, सुरक्षिततेची व इजा झाल्यास भरपाईची सोय करतात. अठरावें सांगतें कीं तो शिकणारा आहे, कामगार नव्हे; आणि बाविसावें स्पष्ट करतें कीं करारांत तसें लिहिलें नसेल तर शेवटीं नोकरी देण्यास मालक बांधलेला नाहीं.

ह्या शेवटल्या दोहोंवर पालक रागावतात, आणि तो राग आम्ही समजूं शकतों. मुलगा आठ तास उभा राहणार, कामगारांच्याच घंटेवर जाणार-येणार, आणि तो कामगार नाहीं? वर्षाच्या शेवटीं हातांत नोकरी नाहीं? पण सर्व कलमें एकत्र वाचल्यास त्यांत एक सौदा दिसतो. मुलगा कामगाराचे हक्क सोडतो, पूर्ण मजुरी सोडतो, नोकरीची हमी सोडतो. ह्या सर्वांच्या मोबदल्यांत त्यास एकच वस्तु मिळावयाची असते, आणि ती म्हणजे विद्या. मालकानें विद्या दिली तर सौदा न्याय्य आहे, आणि मुलाच्या दृष्टीनें स्वस्तही आहे. न दिली तर तो मुलास दोन्हीकडून लुबाडणारा आहे. कराराचा न्याय केवळ अकराव्या कलमाच्या खिळ्यावर टांगलेला आहे, असें आमचें मत आहे. हें मत आम्ही पुस्तकांतून बनविलें असतें तर बरें झालें असतें. दुर्दैवानें तें आम्हीं एका मुलाच्या खर्चानें बनविलें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतला एक मुलगा दहावी होऊन बाहेर पडला. गणितांत बेताचा, पण हात विलक्षण स्वच्छ. विज्ञानाच्या खोलींतले मोडलेले तराजू त्यानें दुरुस्त करून दिले होते. वडील नव्हते, आई एका वसतिगृहांत पोळ्या लाटी. ओळखीचे एक कारखानदार होते, त्यांच्या यंत्रशाळेंत आम्ही स्वतः त्यास घेऊन गेलों. "शिकाऊ म्हणून ठेवतो," ते म्हणाले. चहा झाला. एका कागदावर आईची सही घेतली गेली. तो कागद आम्हीं हातांत धरला, पण वाचला नाहीं. गृहस्थ ओळखीचे, मग वाचावयाचें काय?

मुलगा तेथें चौदा महिने राहिला. ओतलेल्या नगांची धार घांसणें, ते पेट्यांत भरणें, पेट्या ट्रकांत चढविणें, एवढेंच त्याचें काम. लेथवर त्यास कोणीं उभें केलें नाहीं. मापाचें यंत्र धरण्यास दिलें नाहीं. पैसे नगावर मिळत. दिवाळीपूर्वींच्या घाईंत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांस घांसणीच्या चाकानें इजा झाली. तेव्हां उलगडा झाला कीं तो कागद म्हणजे नोंदलेला करार नव्हताच. कारखान्याच्या शर्ती मान्य असल्याची ती नुसती पावती होती. भरपाईचें विचारलें तर उत्तर मिळालें कीं तो शिकाऊ आहे, कामगार नव्हे. प्रमाणपत्राचें विचारलें तर उत्तर मिळालें कीं त्याची उमेदवार म्हणून नोंद कोठें आहे? कायद्यानें पाहिल्यास नोंदलेला करार नसलेला मुलगा कामगारच ठरला असता आणि त्याचा हक्क उभा राहिला असता. परंतु हें आम्हांस फार उशिरां कळलें, आणि तोंवर त्याच्या आईनें "मिटवून टाका" म्हणून हात जोडले होते. दवाखान्याच्या बांकावर बसून तिनें आम्हांस एकच विचारलें, आणि त्यांत राग नव्हता: "कागद तुम्ही बघितला असंल न्हवं, सर?"

आम्ही कारखानदारांचे वैरी नाहीं. ह्या प्रकरणानंतर आम्ही पुष्कळ यंत्रशाळा व फौंड्र्या पायीं हिंडून पाहिल्या, आणि मालकांचें म्हणणेंही ऐकलें. तें सगळें बहाणेबाजीचें नाहीं. नवशिका मुलगा माल बिघडवितो, आणि ओतकामांत बिघडलेला नग म्हणजे पुन्हां वितळविण्याचा खर्च. चांगला मोल्डर त्यास शिकवीत बसला तर त्या दिवशींचे सांचे कमी पडतात. लहान दुकानांत मालक हाच हिशेबनीस, हाच विक्रेता आणि हाच मिस्त्री. संगणकावर करार नोंदवावयाचा, हजेरी भरावयाची, दर महिन्याचें वेतन चढवावयाचें, हें त्यास जड जातें. सक्तीच्या मर्यादेच्या आंतला मोठा कारखाना कागद संभाळणारा माणूस ठेवूं शकतो. खरी हस्तविद्या मात्र पुष्कळदां पंधरा माणसांच्या दुकानांतच अधिक असते. म्हणजे ज्याच्याजवळ शिकविण्यासारखें आहे त्यास कागद झेंपत नाहीं, आणि ज्यास कागद झेंपतो त्याच्याकडे एकच मुलगा एकाच यंत्राचा एकच खटका वर्षभर दाबीत राहतो! ह्या अडचणीवर मार्ग नाहीं असें नाहीं. प्राथमिक शिक्षण कारखान्याबाहेर सामाईक केंद्रांत देण्यास कायद्याची हरकत नाहीं, आणि अनेक लहान मालकांचे कागद एकत्र संभाळणाऱ्या मध्यस्थ संस्थांसही योजनेंत जागा आहे. वसाहतींतल्या मालकमंडळांनीं तें मनावर घ्यावें. प्रदर्शनें भरविण्यास त्यांस सवड होते, तर ह्यासही व्हावी.

मालकांचा सर्वांत आवडता आक्षेप मात्र निराळाच आहे. "आम्ही शिकवायचं, आणि पोरगं पुण्याला पळायचं." चाकणच्या कारखान्यांत चार पैसे अधिक मिळतात हें खरें, आणि पोरगें जातें हेंही खरें. येथें आम्हांस बाबूरावांचा कारखाना आठवतो. शिकविलेलीं माणसें गेलीं, गुरूचें नुकसान झालें. पण तीं माणसें तयार झालीं नसतीं तर ज्या धंद्यावर पुढें हजारों लोक जगले तो धंदा इतका वाढला नसता. शिवाय आम्ही ह्या मालकांस उलट विचारतों: तुमच्या दुकानांतला हा जो सर्वांत जाणता टर्नर, हा तुम्हीं शिकविला काय? बहुधा तो दुसऱ्या कोणाकडून शिकून आलेला असतो. प्रत्येकानें शिकलेला माणूस उचलावयाचा आणि शिकवावयाचें कोणींच नाहीं, असें किती दिवस चालेल? आज फौंड्रींत भट्टीपाशीं उभीं असलेलीं माणसें बिहार-ओरिसांतून आलेलीं आहेत आणि त्यांच्या हाताखालीं कोल्हापूरचा मुलगा क्वचितच दिसतो. मालक म्हणतो, इथल्या पोरांना घाम नको. पोरगा म्हणतो, तिथें कोणी शिकवीत नाहीं, नुसतें राबवून घेतात. दोघांचेंही थोडथोडें खरें आहे. तथापि पहिलें पाऊल कोणीं टाकावें ह्याविषयीं आम्हांस संशय नाहीं. ज्याच्याजवळ विद्या आहे त्यानें टाकावें.

इंग्लंडांत १५६३ च्या कायद्यानें सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती; ती सक्ती १८१४ सालीं उठली. तिच्या काळांत अन्यायही पुष्कळ झाला. पण त्याच पद्धतींत १८०५ सालीं लंडनच्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा सात वर्षांच्या करारानें राहिला, आणि धन्यानें त्यास बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूं दिलीं. तो मायकेल फॅरेडे. पुस्तकें वाचूं द्यावींत असें करारांतलें कलम बहुधा नसावें! जर्मनींत मुलगा आठवड्यांतून एक-दोन दिवस शाळेंत जातो आणि बाकीचे दिवस कारखान्यांत. दोन्हीकडचे शिक्षक एकाच अभ्यासक्रमास बांधलेले असतात. आपल्याकडे कारखान्यांत गेलेल्या मुलाची शाळेस पुन्हां आठवणही राहत नाहीं. आमच्या शाळेच्या वार्षिक अहवालांत कॉलेजांत गेलेल्यांची संख्या छापली जाते. कारखान्यांत गेलेल्यांची कधीं छापली नाहीं. चालू सालचा अहवाल अद्याप छापावयाचा आहे, म्हणून हें येथें लिहून ठेवतों.

मुलांविषयींही दोन कठोर शब्द लिहिले पाहिजेत. पुष्कळ मुलें तीन महिन्यांत कंटाळून करार सोडतात आणि मग मालकाच्या तक्रारीस पुरावा मिळतो. वाळू चाळणें, हत्यार पुसणें, जागा झाडणें हें शिकण्याचेंच अंग आहे. पहिला महिना तेंच केलें म्हणजे फसवणूक झाली असें नव्हे. दहावा महिनाही त्यांतच गेला तर ती फसवणूक. पालकही 'योजना' हा शब्द ऐकला कीं नोकरीच ऐकतात. २०२४ सालीं राज्य सरकारनें युवा कार्य प्रशिक्षणाची योजना काढली. बारावी झालेल्यास सहा महिने दरमहा ६०००, पदवीधरास १०,००० रुपये. मुदत संपत आली तसे प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून मोर्चे काढूं लागले. त्यांस दोष देणें सोपें आहे. पण सहा महिन्यांत त्यांस काय शिकवावयाचें होतें हें कोणीं नीट ठरविलेलें नसल्यावर मागण्यासारखें उरलें तरी काय?

मुलींचें निराळें सांगावयास नको. कायद्यांत मुलगा-मुलगी असा भेद नाहीं. जवळच मिरजेस डॉ. वॉनलेस ह्यांच्या रुग्णालयांत परिचारिका तयार झाल्या त्या रोग्यांच्या खाटांपाशींच, म्हणजे उमेदवारीनेंच, आणि त्यांच्या हातास कमी प्रतीचा म्हणण्याची कोणाची छाती झाली नाहीं.

आतां व्हरांड्यांत पालक आला कीं आम्ही 'शिकेल हळूहळू' म्हणत नाहीं. करार सरकारी संकेतस्थळावर नोंदला आहे काय, त्यावर कोणत्या धंद्याचें नांव व किती महिन्यांची मुदत आहे, शेवटीं कोणती परीक्षा आहे, हें आम्ही त्याच्यासमोर वाचतों. आणि शक्य असेल तेथें मुलाबरोबर स्वतः जाऊन एक प्रश्न विचारतों: ह्याला शिकविणार कोण, त्या माणसास बोलवा.

गेल्या जुलैंत अशाच एका फौंड्रींत आम्ही एका मुलास घेऊन गेलों होतों. आय. टी. आय. झालेला, अठरा पुरीं झालेला. मालकास आमच्या प्रश्नाचें थोडें हसूं आलें, तरी त्यांनीं माणूस बोलाविला. साठीकडे झुकलेला मोल्डर, हात कोपरापर्यंत काळे. त्यानें मुलास नखशिखान्त न्याहाळलें, जमिनीवरची वाळू उचलून त्याच्या मुठींत दिली व दाबावयास सांगितलें. मुलानें दाबली, गोळा फुटला.

"शिकंल," म्हातारा मालकाकडे वळून म्हणाला. "पण सहा महिनं ह्याला माझ्याजवळनं हलवायचा न्हाई. डिस्पॅचला माणूस कमी पडला तरी न्हाई."

मालक क्षणभर कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं करार आमच्याकडून परत मागून घेतला, आणि सही करण्यापूर्वीं तो पहिल्यापासून वाचूं लागले.